नदीलाही स्पेस हवी ना!

हल्ली सगळ्यांनाच 'स्पेस' हवी असते. नवऱ्याला, बायकोला, नुकत्याच जॉइन झालेल्या ट्रेनीलासुद्धा! नदीलाही ती लागते, हे मात्र आपल्या गावीच नसतं.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या दक्षिणेला कोसुम्नेस नावाची नदी आहे. मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही, त्यामुळे पूर अजूनही मनमुराद येतो. पण शेतीसाठी काठाला मातीचे बांध घातलेले, त्यामुळे पाणी आतच कोंडलेलं. १९८५च्या आसपास त्यातला एक बांध फुटला. शेतात वाळू आणि गाळ साचला, तेवढा तुकडा शेतकऱ्याने सोडून दिला.

१९८७ मध्ये इथे संरक्षित क्षेत्र झालं. 'नेचर कॉन्झर्व्हन्सी' ही संस्था आणि तिचे स्वयंसेवक ओकची झाडं हाताने लावत होते. घाम गाळायचा, पाणी घालायचं, वाट बघायची. आणि तिकडे त्या सोडून दिलेल्या तुकड्यात कॉटनवुड आणि विलोचं जंगल आपसूक उभं राहिलं! फुकटात, बॉस. पुराने गाळ आणला, गाळात बी रुजलं, बास. मग १९९५ मध्ये मंडळींनी मुद्दाम बांध फोडला.

उथळ, संथ, उबदार पाण्यात माशांचं खाणं भरपूर तयार होतं. म्हणून सॅमनची पिल्लं मुख्य नदीपेक्षा या पूरमैदानात जास्त वेगाने वाढतात, असं संशोधकांना दिसलं. हिवाळ्यात सँडहिल क्रौंच येतात. अर्थात, बांध फोडला की काम संपलं, असं नाही. तण काढावं लागतं, पक्ष्यांसाठी तळी वेळेवर भरावी लागतात, शेजारच्या शेतकऱ्यांशी जमवून घ्यावं लागतं. भातशेतीही या क्षेत्रात आहेच.

आपण काय करतो? 'रिव्हर व्ह्यू' म्हटलं की लगेच बुकिंग! ब्रोशरमध्ये सूर्यास्त असतो, निळी पूररेषा नसते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी कुठवर पोचतं, ते ही रेषा सांगते. तिच्या आतली जागा नदीची. ईएमआय किती, पार्किंग किती, हे विचारताना ती रेषा कुठून जाते हेही विचारा की! सेल्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि कुणी ऑनसाइट तिकडे असाल, तर कोसुम्नेसला जरूर जा. फक्त हिवाळ्यात निघण्याआधी चौकशी करा. पाणी चढलं की पायवाटा बुडतात, आणि मग त्या बंद ठेवतात.