नकाराची नोंद कोण ठेवणार?

मुंबईतील हिऱ्यांची निर्यात करणाऱ्या एका कंपनीने मे २०१५मध्ये एका पदवीधर तरुणाच्या अर्जाला काही मिनिटांतच ई-मेलने उत्तर धाडले : आम्ही फक्त बिगर-मुस्लिम उमेदवार घेतो. गवगवा झाला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला आणि ही मनुष्यबळ विभागातील प्रशिक्षणार्थीची चूक असल्याचा खुलासा कंपनीने केला. या प्रकरणात अपवादात्मक होते ते नकाराचे कारण लेखी मिळणे. एरवी ‘जागा भरली’, ‘कळवतो’ एवढ्यावर भागते.

कारण न सांगता मिळणाऱ्या या नकाराचा माग सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काढला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक होता तो फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत अनुकूल प्रतिसादाची शक्यता दलित नावांसाठी सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावांसाठी एक-तृतीयांशच भरली. मुलाखतीपर्यंतही न पोहोचलेल्या उमेदवाराने दाद कोणत्या पुराव्यावर मागायची?

दाद मागण्याची जागाही धड नाही. राज्यघटनेच्या १६व्या अनुच्छेदाने धर्मावरून भेदभावास मनाई केली आहे, ती सरकारी नोकऱ्यांपुरती. खासगी मालकाला धर्माच्या बाबतीत असे थेट बांधणारा सर्वसमावेशक केंद्रीय कायदा नाही. सच्चर समितीने २००६मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञगटाने २००८मध्ये मसुदाही दिला. तो सर्वच वंचित गटांसाठी होता. मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१४मध्ये मंजूर केलेले विधेयक मात्र अल्पसंख्याकांपुरते आकसलेले होते. निवडणुकीच्या तोंडावर हा संकोच करून सरकारने विषय लांगूलचालनाच्या नेहमीच्या वादात ढकलला, आणि विधेयकही बारगळले.

केवळ मनाईने काय होते, हे उत्तर आयर्लंडने अनुभवले आहे. तिथेही आडनाव आणि शाळा कळली की उमेदवार कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे बहुधा उमगते. १९७६च्या कायद्याने भेदभावाला बंदी घातली, पण भिस्त व्यक्तिगत तक्रारींवर होती. फारसे हलले नाही. १९८९च्या कायद्याने मालकांवरच हिशेब ठेवण्याची सक्ती केली. आज दहाहून अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला कर्मचाऱ्यांच्या आणि अर्जदारांच्या समुदायाची आकडेवारी दरवर्षी समता आयोगाला द्यावी लागते, दर तीन वर्षांनी भरतीच्या पद्धती तपासाव्या लागतात. व्यक्तीची माहिती मात्र गोपनीय राहते. नोंदणीकृत आस्थापनांतील कॅथलिकांचा वाटा १९९०च्या सुमारास ३५ टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढे जवळपास निम्म्यावर गेला. लोकसंख्येचे प्रमाणही या काळात बदलले, तेव्हा सारे श्रेय कायद्याचे नव्हे. पण ‘आमच्याकडे अर्जच येत नाहीत’ ही सबब तिथे आकड्यांवर पडताळता येते.

भारतात अशा नोंदींना दोन बाजूंनी हरकत येईल. कर्मचाऱ्यांच्या धर्माची यादी दंगलीच्या दिवसांत कुणाच्या हाती पडेल, ही भीती खरी आहे; गोपनीयतेची कडक तरतूद नसेल तर नोंदी न ठेवलेल्याच बऱ्या. उद्योगांवर बोजा पडेल, हा आक्षेप मात्र टिकत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६मध्ये झाला. त्यानुसार खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करायचे आहे आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवायच्या आहेत. त्यासाठीचा रकाना मनुष्यबळ विभागाच्या दप्तरात आधीच आखलेला आहे.