वेचणीची बोटे आणि पुण्याची प्रयोगशाळा

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव हा कापसाचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की सकाळीच मजूर बायांचे जथे शेतांकडे निघतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते; तेव्हा जिची बोटे चपळ, तिचीच चूल पेटती. अशा एखाद्या बाईच्या बोटांचे सांधे सुजून ताठले आणि सकाळी तिची मूठही मिटेनाशी झाली, तर तिने काय करावे? आमवात, ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो नेमका असाच येतो. हातापायांच्या लहान सांध्यांवर तो प्रथम घाला घालतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने गाठतो आणि वेळीच आवरला नाही तर हाडे कुरतडून बोटे कायमची वाकडी करतो. हा सुखवस्तूंचा रोग आहे असे कोणी समजू नये. डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हा त्या खेड्यातील दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकास हा रोग असल्याचे दिसून आले.

या रोगात शत्रू बाहेरून येत नाही. शरीराचे रक्षण करणारे सैन्यच घरच्यांवर उलटते. त्या सैन्यातील पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-२३ यांसारखी प्रथिने. ती दुसऱ्या पेशीवरील ठराविक ग्राहकस्थानी जाऊन बसली की दाह भडकतो. निरोप वाटेतच अडवावा, हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील औषधशास्त्राचे मोठे यश होय. टीएनएफला पकडून ठेवणारे अडालिमुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २००२ साली मान्य झाले, आणि २०१४ च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याची देशी आवृत्ती पुष्कळ कमी किमतीत बाजारात आणली. तरीही हे औषध टोचूनच घ्यावे लागते आणि २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात सांभाळावे लागते. ज्या वस्तीत उन्हाळ्यात विजेचा भरवसा नाही, तेथे अशा औषधाचा प्रवास तालुक्याच्या वेशीवरच संपतो.

गोळीने हे काम होणार नाही काय? नेहमीच्या गोळीतील रेणू लहान असतो, आणि दोन प्रथिने जेथे एकमेकांस भिडतात ती जागा रुंद व सपाट असते; तेथे लहान रेणूला पाय रोवण्यास खाच सापडत नाही. प्रतिपिंड ती जागा व्यापते, पण त्याच्या अवाढव्य आकारामुळे ते पोटातून रक्तात उतरत नाही. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे पेप्टाइड, अर्थात थोड्या अमिनो आम्लांची साखळी. मात्र अन्नातील प्रथिनांप्रमाणे जठर तिचेही तुकडे करते. यावर रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेला तोडगा असा, की साखळीची टोके जोडून तिचे कडे करावे आणि निसर्गात सहसा न आढळणारी अमिनो आम्ले तीत गुंफावीत, म्हणजे पाचक रसांना पकड मिळत नाही. निसर्गाने ही युक्ती पूर्वीच योजली आहे. बुरशीपासून मिळणारे सायक्लोस्पोरिन हे अकरा अमिनो आम्लांचे कडेच असून ते तोंडाने घेता येते.

आता मनुष्यही हे साधू लागला आहे. इंटरल्यूकिन-२३ च्या ग्राहकस्थानाची वाट अडवणारे आयकोट्रोकिन्रा हे पेप्टाइड प्रोटॅगनिस्ट व जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकन कंपन्यांनी घडविले. सोरायसिसच्या २५५ रोग्यांवरील चाचणीचा वृत्तांत २०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी शेकडा ७९ जणांचा रोग सोळा आठवड्यांत तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक उतरला. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ९ होते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यतेसाठी अर्जही दाखल झाला.

तथापि मारेगावच्या त्या बाईस यावरून आशा दाखविणे फसवणुकीचे होईल. इंटरल्यूकिन-२३ अडवून आमवात हटत नाही, हे प्रतिपिंडांच्या चाचण्यांत दिसून आले आहे. तिच्या सांध्यांतील आग टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ यांची आहे, आणि त्यांना रोखणारी तशी पेप्टाइडची गोळी अद्याप व्हावयाची आहे. टोफासिटिनिबसारख्या गोळ्या आहेत. पण त्या पेशीच्या आत शिरून एकाच वेळी अनेक निरोप दाबतात, आणि हृदयविकार, कर्करोग व रक्ताच्या गुठळ्या यांविषयीचे गंभीर इशारे अमेरिकन औषध प्रशासनाने २०२१ साली त्यांना जोडले. एकच वाट नेमकी अडवणाऱ्या औषधाची गरज म्हणून उरतेच.

ती गरज परक्या कंपनीनेच भागवावी काय? पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तेथील डॉ. मोहन वाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-३ हे प्रथिन उंदरांतील अशाच संधिदाहास आळा घालते, असे २०११ साली दाखवून दिले. १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही पुण्यातच आहे. निरोपांचे ज्ञान एकीकडे व रेणू घडविण्याचे कसब दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच गावात! पेनिसिलिनसाठी परदेशाकडे हात पसरायचे नाहीत असे ठरवून या देशाने १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली होती. पुढे त्या कारखान्याची दैना झाली, ती व्यवहारातील ढिलाईमुळे; मूळ संकल्प चुकीचा होता असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या मते सरकारने तीन गोष्टी कराव्यात. आमवातावर पोटातून घेता येणारे, थंडाव्यावाचून टिकणारे पेप्टाइड हे उद्दिष्ट ठरवून या संस्थांना दहा वर्षांचे निश्चित अनुदान द्यावे. त्यातून निघणाऱ्या पेटंटाचा परवाना देताना सार्वजनिक रुग्णालयांसाठी किमतीची मर्यादा करारातच घालावी. लोकांच्या पैशातून झालेला शोध लोकांनाच चढ्या भावाने विकला जाऊ नये. तिसरी गोष्ट चाचण्यांची. टीएनएफ अडवला की शरीरात दबून राहिलेला क्षय उसळू शकतो. तेव्हा क्षयाने ग्रासलेल्या या देशात औषधाची पारख येथील रोग्यांवर, त्यांच्या पूर्ण संमतीने व पुऱ्या दक्षतेने व्हावी.

यास दहा वर्षे लागतील. तोवर बोटे थांबणार नाहीत. मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदा घ्यावयाची जुनी, स्वस्त गोळी वैद्यकीय देखरेखीखाली वेळेवर मिळाली तर अनेकींचे हात वाचतात. त्यासाठी रोग पहिल्या काही महिन्यांतच ओळखला गेला पाहिजे, आणि तालुक्याच्या रुग्णालयात ठराविक वारी सांधेरोगांची तपासणी व रक्तचाचणी झाली पाहिजे. एवढे करण्यास कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. आपल्या अंगावरचे सुती कापड ज्या बोटांनी वेचलेल्या कापसाचे आहे, त्या बोटांचे एवढे देणे आपण शहरवासीय निश्चितच लागतो.