दिवस चोवीस तासांचाच

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेसात वाजता नववीच्या वर्गात मी समीकरणे शिकवीत होते. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा फळ्याकडे पाहता पाहता डुलक्या घेऊ लागला. मुलगा हुशार, गणितात कधी मागे न पडणारा. मी जरा कडक स्वरात विचारले, "रात्री किती वाजता निजलास?" तो उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, दीड वाजला. तुम्ही मोबाईलवर गृहपाठ पाठविला होता ना, तो उतरवून घ्यायला म्हणून हातात घेतला..." पुढचे वाक्य त्याने पुरे केले नाही आणि मीही त्याला करू दिले नाही. तो गृहपाठ मी रात्री पावणेदहा वाजता पाठविला होता.

त्या दिवसापासून मोबाईलविषयी मुलांना उपदेश करण्याचा माझा उत्साह पुष्कळच ओसरला आहे. अशा उपदेशाचे लेख वार्षिक अंकांतून येतात आणि मुले ती पाने उलटून कोड्यांकडे वळतात, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आज विद्यार्थ्यांशी थोडे आणि त्यांच्या वडीलमंडळींशी व आम्हां शिक्षकांशी अधिक बोलावे असे योजिले आहे.

प्रश्न मुख्यतः हिशेबाचा आहे. चौदा वर्षांच्या मुलाचा दिवस घ्या. शाळा व जाणे-येणे मिळून सात तास, शिकवणी व अभ्यास चार तास, स्नान, जेवण आणि घरची कामे तीन तास. वाढत्या वयाला नऊ तास झोप हवी. बेरीज तेवीस झाली आणि उरला एक तास. प्रत्यक्षात पडदा घेतो तीन तास. त्यांतला एक मैदानाचा असतो आणि दोन झोपेचे. शिकवणीतून मात्र कोणी पाच मिनिटेही काढीत नाही, कारण तिची फी आगाऊ भरलेली असते. मैदान आणि झोप फुकट मिळतात, म्हणून घरात त्यांची बाजू घेणारा कोणी नसतो.

कॅनडातील तज्ज्ञांनी २०१६ साली मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत हाच चोवीस तासांचा हिशेब धरला आहे. पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना नऊ ते अकरा तास आणि चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप, रोज निदान एक तास दम लागेल असा खेळ, आणि करमणुकीसाठी पडद्यासमोर फार तर दोन तास. (आपल्याकडच्या शिकवण्या जमेस धरल्या तर हे दोन तास कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतोच!)

पडदा म्हणजे विष, असे मी म्हणत नाही. त्यासमोर घालविलेला वेळ आणि मुलांचे मनःस्वास्थ्य यांचा थेट संबंध संशोधकांना पुष्कळदा अगदी लहान आढळला आहे. पण तो वेळ कोणाच्या वाट्यातून आला, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. शरीराची वाढ घडविणारे द्रव्य मुख्यत्वे रात्रीच्या गाढ झोपेत स्रवते. दिवसा शिकलेले मनात पक्के बसते तेही झोपेतच. अकरा वाजता निजण्याऐवजी दीड वाजेपर्यंत जागून धडा घोकणारा विद्यार्थी एका हाताने कमावतो आणि दुसऱ्या हाताने उधळतो. निजण्यापूर्वी डोळ्यांवर पडणारा उजेड झोप आणखी दूर सारतो. शिवाय किशोरवयात शरीराचे घड्याळच थोडे मागे पडते, त्यामुळे या वयाच्या मुलांना रात्री झोप उशिरा येते व सकाळी जाग लवकर येत नाही. त्यांना सरसकट आळशी म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. सकाळपाळीच्या शाळांनीही यावर विचार करावा.

नवरात्रात आमच्या बडोद्याची मुले मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळतात. दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगतात, तरी त्यांचे चेहरे मात्र प्रसन्न असतात. त्या नऊ रात्रींबद्दल मी कधी कोणाला रागावले नाही. चिंता वाटते ती उरलेल्या रात्रींची.

व्यायामाविषयी बडोद्याला कोणी शिकवावे, असे खरे तर नाही. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तेथील प्रो. माणिकराव यांचे नाव घरोघरी आदराने घेतले जाई. श्री. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ पासून येथूनच निघाले. ज्या गावाने मराठीला असा ग्रंथ दिला, त्या गावच्या मराठी मुलांना आज मल्लखांब पाहण्यासाठी मोबाईल उघडावा लागावा, ही खेदाची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीप्रमाणे २०१६ साली जगातील अकरा ते सतरा वर्षांच्या शंभर मुलांपैकी एक्क्याऐंशी मुले रोजच्या एका तासाइतकीही हालचाल करीत नव्हती. मुलींत हे प्रमाण पंच्याऐंशी होते. मला त्याचे नवल वाटले नाही. आठवी संपली की "आता मोठी झालीस" एवढ्या एका वाक्याने आपण मुलींना मैदानावरून घरात आणतो, आणि मग ती सारखी मोबाईल घेऊन बसते अशी तक्रार घेऊन शाळेत येतो.

डोळ्यांचेही तसेच. चीनमधील ग्वांगझू शहरी सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेतच रोज चाळीस मिनिटे अधिक उघड्यावर नेण्याचा प्रयोग झाला. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी सुमारे तीस टक्क्यांना दूरचे अंधुक दिसू लागले होते, तर इतर शाळांतील मुलांत हे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्के होते. औषध नाही, खर्च नाही, फक्त बाहेरचा प्रकाश.

आता माझा स्वतःचा दोष सांगते. दहावीचा खेळाचा तास गणितासाठी मागून घेणाऱ्यांत मी अनेक वर्षे आघाडीवर होते. क्रीडाशिक्षकही बिचारे "घ्या बाई" म्हणून तो देत आणि मुले मुकाट्याने चेंडू कपाटात ठेवीत. त्या जादा तासाने निकाल वाढला, असे मी आज छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मुलांची खेळण्याची हौस मेली आहे, हे तर मुळीच खरे नाही. उत्तरायणाच्या दोन दिवसांत कोणत्याही गच्चीवर जाऊन पाहा. पहाटे आपण होऊन उठलेली मुले संध्याकाळी ओरडून ओरडून घसा बसला तरी खाली उतरत नाहीत, आणि मोबाईल कोठे पडला आहे याची त्यांना शुद्ध नसते. त्या दिवशी आकाश असते, वारा असतो, सोबती असतात आणि वडीलही मांजा धरून शेजारी उभे असतात. यांतील शेवटची गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. रात्री दहानंतर घरातले सारे मोबाईल, आईबाबांचे धरून, बाहेरच्या खोलीत ठेवले जातील तरच मुलाचा मोबाईल तेथे जाईल. स्वतः अंथरुणात पडून पडदा पाहणाऱ्या वडिलांची आज्ञा मुलगा किती दिवस पाळील?

आमच्या बाजूने एवढे ठरले आहे. गृहपाठ शाळा सुटण्यापूर्वी फळ्यावर लिहून दिला जाईल, मोबाईलवर येणार नाही. येत्या जूनपासून दहावीच्या वेळापत्रकात गुरुवारचा शेवटचा तास खेळाचा आहे. तो मी मागणार नाही, आणि चाचणी परीक्षेच्या आठवड्यात मागितलाच, तर क्रीडाशिक्षकांनी तो देऊ नये, असे मी त्यांना आताच सांगून ठेवले आहे.