मोडीत घालण्यापूर्वी

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना विंझर लागते. या भागातील जुन्या घरांचे माळे उपसले की काय निघते, ते भंगारवाल्याला चांगले ठाऊक असते. पितळी पंपाचा स्टोव्ह, पायाचे शिवणयंत्र, व्हॉल्व्हचा रेडिओ, कोळशाची इस्त्री. तो सारे वजनावर घेतो. पितळ एका पोत्यात, बीड दुसऱ्या पोत्यात. कारागीर बांधवांनो, आमचे स्पष्ट मत आहे की या सौद्यात घरमालक बुडतो आणि आपणही बुडतो. या वस्तू पुन्हा उभ्या करण्याचे हुनर असलेले कल्हईवाले, स्टोव्ह दुरुस्त करणारे, मशीन मेकॅनिक आपल्यात कमी नाहीत, आणि काम नाही ही तक्रारही त्यांचीच आहे.

अशा सामानाला कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा पाहावे. दिनकर केळकर चष्म्याचे दुकानदार होते. गावोगाव फिरून त्यांनी दिवे, अडकित्ते, भांडी जमविली, संग्रहास आपल्या वारलेल्या मुलाचे नाव दिले आणि १९७५ साली तो राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे सुमारे २० हजार वस्तू आहेत. त्यांत स्वयंपाकघरातले साधे सामानही मानाने मांडलेले आहे.

पण तोरणा-राजगडाच्या पायथ्याचा पाऊस लोखंडाचा वैरी. पूर्वी चुलीच्या धगीने माळा कोरडा राही. गॅस आला आणि माळ्याला ओल धरू लागली. लोक वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवतात. हे सर्वांत वाईट, कारण आत घाम धरतो. गोणपाटही ओल शोषते. भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर, सुती कापडाखाली वस्तू ठेवावी आणि पावसाळा सरल्यावर बाहेर काढून पाहावी. स्टोव्हच्या टाकीतले रॉकेल आधी ओतून काढावे. शिवणयंत्रात खोबरेल तेल घालू नये. ते चिकटून यंत्र जाम होते. मशीनचेच तेल घालावे.

आता दुरुस्तीविषयी. आपल्या कारागिरांना वस्तू चकचकीत करण्याची भारी हौस! शिवणयंत्रावरची सोनेरी नक्षी पॉलिश पेपरने घासली की गिऱ्हाईकही गेले असे समजा. स्टोव्हच्या टाकीवरचा कारखान्याचा छाप बफला लावून पुसू नये. पंपाच्या स्टोव्हची ही तऱ्हा १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये प्रायमस नावाने निघाली. छाप शाबूत असेल तरच तो स्टोव्ह कुठला ते सांगता येते. पितळ चिंचेने उजळावे, पण सांध्यांतली आंबट पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. पंपाचा चामडी वायसर सुकला असेल तर तेलात भिजवून पाहावा, नाही जमले तर बदलावा, आणि जुना फेकू नये. अशा वस्तूला काढलेला भागही जोडून द्यावा लागतो. रेडिओ मात्र थेट प्लगला लावू नका. जुने कंडेन्सर फुटतात. आधी तपासावे आणि मग सिरीज बल्बवर चालू करावा.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी हे सामान विकले जाते. तेथेच नव्या पितळेला काळे करून जुने म्हणून खपविण्याचा मोह होतो. आमचा त्याला सक्त विरोध आहे, आणि तो केवळ इमानदारीसाठी नव्हे. जाणते गिऱ्हाईक एकदा फसले की दहा जणांना सांगते. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, कोठे डाग दिला, हे चिठ्ठीवर लिहून वस्तूबरोबर द्यावे. मजुरीही वजनावर न धरता दिवसांवर धरावी. विंझरच्या घरमालकाला मोडीच्या भावापेक्षा दोन पैसे जास्त द्या. पुढच्या वेळी माळा उपसताना तो भंगारवाल्याच्या आधी तुम्हाला निरोप धाडील.