शाळकरी मुलांनी फरी-गदगा शिकावा काय?



तलवारीची विद्या शाळेत शिकवावी असे म्हटले की दोन प्रकारचे लोक दोन बाजूंनी रुष्ट होतात. एकांस वाटते की ही दांडगाईची दीक्षा होय; दुसऱ्यांस वाटते की ज्या शस्त्राने इतिहास घडविला त्यास 'खेळ' म्हणणे हाच त्याचा उपमर्द. प्रस्तुत लेखकाचे मत ह्या दोघांसही रुचणारे नाही. ही विद्या मुलांस व मुलींस अवश्य शिकवावी. परंतु ती धारेवाचून शिकवावी, आणि मिरवणुकीकरिता तर मुळीच शिकवू नये.

प्रथम दूरचे एक उदाहरण पाहू. कोरिया देशात चोसन राजवंशाच्या काळी लेखणीचा मान तलवारीहून पुष्कळच थोर होता. विद्वानास मोठी पदवी, शिपायास दुय्यम, अशी तेथील रीत. १५९२ साली जपानी फौजा त्या देशात उतरल्या, तेव्हा ह्या उपेक्षेची किंमत सर्वांसच मोजावी लागली. पुढे १७९० मध्ये चोंगजो राजाच्या आज्ञेने 'मुयेदोबोतोंगजी' नावाचा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. त्यात २४ युद्धविद्यांचे, पवित्र्यांच्या आकृतींसह, वर्णन आहे. तो रचणारे तिघेजण होते. पैकी ली देओक-मू व पाक चे-गा हे ग्रंथप्रेमी पंडित, आणि पेक दोंग-सू हा एकटा शस्त्रविद्येत मुरलेला. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्या जपान्यांनी देश उद्ध्वस्त केला, त्यांच्या तलवारीचे हातदेखील ह्या ग्रंथात आदराने नोंदविले आहेत. द्वेष बाजूस ठेवून शत्रूपासून शिकणे हे लहान मनाच्या माणसास साधत नाही.

आज त्या देशातील मुले बांबूची तलवार घेऊन 'कुमदो' खेळतात. ही विद्या जपानच्या 'केंदो'ची सख्खी बहीण होय. डोके, छाती व हात यांवर संरक्षक आवरण असते, आणि डावापूर्वी व डावानंतर प्रतिस्पर्ध्यास वाकून नमस्कार करावा लागतो.

परंतु दर्यापूरच्या मुलांनी ह्याकरिता कोरियाकडे कशाला पाहावे? आपल्या जिल्ह्याच्याच ठिकाणी, अमरावतीस, अंबादासपंत व अनंतराव ह्या वैद्य बंधूंनी १९१४ साली जी संस्था काढली ती आज श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ह्या नावाने सर्वत्र विख्यात आहे. तिच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगी भारतीय खेळ करून दाखविले. लाठी, लेझीम, मल्लखांब, दांडपट्टा हे शब्द वऱ्हाडातल्या मुलांस परके नाहीत ते अशा संस्थांमुळेच. बडोद्याचे दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी तर 'व्यायामज्ञानकोश' संपादून ही सारी विद्या मराठीत लिहून ठेविली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्राचा मान दिला, हेही वाचकांस ठाऊक असेलच.

दांडपट्टा हे शस्त्र मोठे विलक्षण खरे. पाते लांब, दुधारी व लवचीक. मूठ लोखंडी खोबणीच्या आत, आणि ती खोबण हाताच्या कोपरापर्यंत आलेली. त्यामुळे मनगट जखडले जाते व फिरविण्याचे सारे काम खांदा, कंबर आणि पाय यांस करावे लागते. ज्याचा पाय चुकला त्याचा पट्टा चुकला. शरीराचा तोल, श्वासाचा ताल आणि दृष्टीची स्थिरता ह्यांचा असा एकत्र अभ्यास दुसऱ्या फार थोड्या व्यायामांत होतो.

असे असूनही शाळकरी मुलांकरिता आम्ही पट्ट्यापेक्षा फरी-गदग्याची शिफारस करू. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामडे मढविलेली काठी. पट्ट्याचे हात बहुधा एकट्याने करावयाचे असतात. भोवती लोक जमतात, लिंबू कापले की टाळ्या पडतात, आणि टाळ्यांची गोडी लागलेला मुलगा पुढे शिकत नाही. गदग्यात मात्र समोर दुसरा मुलगा उभा असतो. त्याचा वार अडवावा लागतो, आणि अडविता न आला तर तो खावा लागतो. वार खाऊन डोके शांत ठेवणे, चिडून धावत न जाणे, लागल्याचे आपण होऊन कबूल करणे ह्या गोष्टी आम्ही वर्गात कितीही सांगितल्या तरी त्या वहीतच राहतात. तसेच आपला हात समोरच्याच्या डोक्यापाशी नेऊन तेथेच थांबविणे हे मारण्याहून कितीतरी कठीण आहे. ज्यास ते साधले तो मुलगा रस्त्यावर भांडण काढण्याचा संभव कमी, असे आमचे मत आहे.

कोणी पालक म्हणतील की आमचा मुलगा कापूस वेचतो, डोक्यावरून ओझी वाहतो. त्यास निराळा व्यायाम कशास? ह्या आक्षेपात तथ्य आहे, व तो करणारांविषयी आम्हांस आदर आहे. पण वेचणीत पाठ तासन् तास एकाच बाजूस वाकते. श्रमाने अंग झिजते, ते डौलदार होतेच असे नाही. वेचणीच्या दिवसांत तालीम बंद ठेवावी, हेही आम्ही मान्य करू. दुसरा आक्षेप परीक्षेचा. दहावीच्या वर्षी आठवड्यातून तीन सकाळी पाऊण तास गेला म्हणून कोणी नापास होईल असे वाटत नाही. रात्री मोबाईल फोनवर जाणारा काळ पालकांनीच मोजून पाहावा.

मुलींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. कोल्हापुराकडे मर्दानी खेळांत मुली उतरतात हे सर्वश्रुत आहे, आणि गदगा हलका असतो. मुलींस तो आधी द्यावा असेच आम्ही म्हणू, कारण मैदान बहुतेक वेळा मुलांनीच अडविलेले असते.

राहता राहिली मिरवणुकीची गोष्ट. उत्सवाच्या दिवशी उघडी पाती नाचवीत जाण्यात कसलीही विद्या नाही, आणि ज्या गल्लीतून ती नाचत जातात तेथील म्हाताऱ्या माणसांच्या मनास काय वाटत असेल ह्याचा विचार नाचविणारे करीत नाहीत. शाळेने ह्या बाबतीत प्रारंभीच नियम करावा की शिकविलेले हात शाळेच्या मैदानाबाहेर करावयाचे नाहीत. नियम मोडणाराची फरी त्या वर्षापुरती काढून घ्यावी.

खर्च म्हणावा तर फारसा नाही. वेताच्या वीस काठ्या, त्यांस मढवावयास चामडे, दहा-बारा फऱ्या, डोक्यास जाड टोप, आणि हात शिकविण्यास एक चांगला वस्ताद. आपल्याकडील उन्हाचा ताप पाहता तालीम सकाळी सातच्या आतच घ्यावी लागेल, आणि फाल्गुनानंतर बहुधा थांबवावी लागेल.