वंगणाचा खर्च आणि ग्राहकाचे स्वातंत्र्य

मोटार विकत घेताना ग्राहक हजार-दोन हजार रुपयांच्या सवलतीसाठी चार ठिकाणी चौकशी करतो. परंतु वाहन दारात आल्यानंतर पुढील दहा-पंधरा वर्षे त्याच्या देखभालीवर जो पैसा खर्च होतो, त्याचा हिशेब तो क्वचितच मांडतो. या देखभालीतील सर्वांत साधे आणि सर्वांत नियमित काम म्हणजे इंजिनातील ऑइल बदलणे. हे काम कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घ्यावे की स्वतःच पाना हाती घेऊन घरच्या अंगणात करावे, असा प्रश्न वाढत्या बिलांमुळे अनेक वाहनधारकांना पडू लागला आहे. वरकरणी हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. वस्तुतः त्यात ग्राहकाचे अज्ञान, मोठ्या उद्योगांची मक्तेदारी आणि लहान कारागिरांची उपजीविका असे तीन गंभीर विषय गुंतलेले आहेत.

प्रथमतः हे ध्यानात घ्यावयास हवे, की 'कंपनी की स्वतः' अशी दोनच पर्यायांची मांडणी मूळची अमेरिकेतील आहे. तेथे मजुरी महाग आणि बहुतेक घरांना स्वतंत्र गॅरेज. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी मोटारीखाली शिरणारा गृहस्थ ही तेथील नित्याची गोष्ट होय. सोलापूरसारख्या शहरात परिस्थिती निराळी आहे. पुणे-हैदराबाद महामार्ग आणि विजापूर व तुळजापूरकडे जाणारे रस्ते यांच्या संगमावर वसलेल्या या शहरात वाहनांची वर्दळ मोठी, आणि त्या वर्दळीवर जगणारा कारागीरवर्गही तितकाच मोठा. सात रस्त्यासारख्या चौकाच्या आसपास एखाद्या लहानशा गाळ्यात किंवा झाडाच्या सावलीत पाने-पकडींची पेटी उघडून बसलेला मेकॅनिक हा येथील तिसरा पर्याय आहे, आणि बहुसंख्य वाहनधारकांच्या दृष्टीने तोच खरा पर्याय आहे.

हिशेब काय सांगतो?

उदाहरणादाखल एका लहान मोटारीचा हिशेब घेता येईल. आकडे समजुतीपुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या बिलातील आकडे त्या जागी घालून पाहावेत. तीन लिटर ऑइल पाचशे रुपये लिटरप्रमाणे पंधराशे रुपयांचे आणि फिल्टर दीडशेचा धरल्यास मालाचा खर्च साडेसोळाशे रुपये होतो. हा खर्च तिन्ही मार्गांत जवळजवळ सारखाच आहे. फरक पडतो तो मजुरीत. अधिकृत केंद्रात सर्व्हिसची मजुरी दीड हजार रुपये असेल, तर १८ टक्के वस्तू व सेवा करासह ती १,७७० रुपये होते. चौकातील मेकॅनिक याच कामाचे तीन-चारशे रुपये घेईल; त्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असल्यास मजुरीवर कराचाही प्रश्न येत नाही. स्वतः काम करणाऱ्यास मजुरी शून्य. मात्र त्याला जॅक, मोटार उचलून धरणारे भक्कम स्टँड, पाने आणि ऑइल काढण्याचा ट्रे यांसाठी आरंभीच तीन-चार हजार रुपये गुंतवावे लागतील.

मजुरीच्या या तफावतीतील काही भाग न्याय्य आहे, हे मान्य केले पाहिजे. अधिकृत केंद्र ऑइल बदलताना ब्रेक, बॅटरी व अन्य भागांचीही तपासणी करते. जागेचे भाडे, यंत्रसामग्री आणि प्रशिक्षित कामगारांचे पगार त्याला काढावयाचे असतात. तथापि बिल फुगते ते मजुरीमुळे तितके नव्हे, जितके तिच्यापाठोपाठ येणाऱ्या पुरवण्यांमुळे. इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडीची सफाई, वातानुकूलन यंत्रणेचे निर्जंतुकीकरण, गंजरोधक लेप अशा नावांनी एकेक ओळ वाढत जाते. यांतील काही कामे काही वेळा आवश्यक असतात. प्रत्येक वेळी सर्वच आवश्यक असतात, असे मात्र मुळीच नाही.

आता स्वतः करण्याच्या मार्गाकडे पाहू जाता असे दिसते, की वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर मोटार चालविणाऱ्या नोकरदाराला ऑइल बदलण्याची वेळ बहुधा वर्षातून एकदाच येते. चौकातील मेकॅनिकच्या तुलनेत त्याची बचत वर्षाला तीन-चारशे रुपये. म्हणजे हत्यारांवर घातलेले पैसे वसूल होण्यास सुमारे दहा वर्षे लागणार! शिवाय या कामी जाणाऱ्या अर्ध्या दिवसालाही मोल आहे. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली घरगुती कामांत जाणाऱ्या वेळेचा अर्थशास्त्रीय विचार मांडला, तो येथे तंतोतंत लागू पडतो. ज्याला हे काम छंद म्हणून आवडते त्याने ते अवश्य करावे. परंतु केवळ बचतीसाठी मोटारीखाली शिरण्यात फारसा अर्थ नाही.

रिक्षाचालकाचे गणित याच्या नेमके उलट आहे. रोज शंभर किलोमीटर आणि महिन्याचे पंचवीस दिवस रिक्षा धावली, तर पाच हजार किलोमीटर दोन महिन्यांत पुरे होतात. म्हणजे वर्षातून सहा वेळा ऑइल बदलणे आले. त्याला जॅक व स्टँड यांवर मोठा खर्च करावा लागत नाही. योग्य मापाचा पाना आणि एक ट्रे पुरतो. प्रत्येक वेळची मजुरी वाचते, आणि गर्दीच्या वेळी गॅरेजमध्ये ताटकळत बसून बुडणारे भाडेही वाचते. तात्पर्य, स्वावलंबन कोणास परवडते, हे काम किती वारंवार करावे लागते यावर ठरते. उत्पन्नावर किंवा हौसेवर नव्हे.

अज्ञानाची किंमत

परंतु या सर्व हिशेबाच्या मुळाशी एक वेगळीच अडचण आहे. ऑइल खरोखर खराब झाले होते काय, ते बदलले काय आणि सांगितले त्याच प्रतीचे घातले काय, हे सामान्य ग्राहकास काम झाल्यावरही कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा एक स्वतंत्र वर्ग मानला. ज्यांचा दर्जा वापरानंतरही पारखता येत नाही आणि ज्या केवळ विश्वासावर घ्याव्या लागतात, अशा या सेवा. मोटारदुरुस्ती हे त्यांनी घेतलेले ठळक उदाहरण होते. निदान करणारा आणि उपचार विकणारा एकच असला, म्हणजे गरजेपेक्षा अधिक उपचार सुचविण्याचा मोह होणारच. अमेरिकेत दर तीन हजार मैलांनी ऑइल बदलण्याची रूढी इतकी पक्की झाली होती, की ती सुधारलेल्या इंजिनांना अनावश्यक आहे, हे सांगण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी खात्याला प्रचार-मोहीम हाती घ्यावी लागली. आपल्याकडेही अनेक आधुनिक मोटारींच्या मार्गदर्शिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष ही मर्यादा छापलेली असते. तरी पाच हजारांवरच ऑइल 'काळे पडल्याचे' ग्राहकास सांगितले जाते. ऑइल काळे पडते ते बहुधा काजळी व मळ आपल्यात सामावून घेतल्यामुळे. नुसत्या रंगावरून ते निकामी ठरत नाही.

या अज्ञानाला भीतीची जोड मिळते ती वॉरंटीच्या रूपाने. बाहेर काम केले तर वॉरंटी रद्द होईल, ही ती भीती. यासंबंधी भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेला निर्णय प्रत्येक वाहनधारकास ठाऊक असावयास हवा. सुटे भाग, तांत्रिक माहिती व तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देता बाजारपेठ रोखून धरल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरविले आणि एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड केला. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजची सेवा घेतली एवढ्याच कारणाने वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळेच बिघाड झाला असेल तर तेवढ्यापुरती जबाबदारी नाकारावी, असे त्या आदेशाचे सूत्र होते. पुढे हे प्रकरण अपिलात आणि उच्च न्यायालयात गेले व वर्षानुवर्षे चालले. त्यामुळे त्या सूत्राचा लाभ चौकातील ग्राहकापर्यंत व्हावा तसा पोहोचलाच नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानेच वॉरंटीला अशी अट जोडण्यास प्रतिबंध केला. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. मोटार-उद्योगही त्याच्या कक्षेत आहे. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. स्पष्ट कायदा होईपर्यंत वॉरंटीच्या काळात ग्राहकाने अधिकृत केंद्राची वाट धरणे व्यवहाराचे ठरेल, ही खेदाची परंतु खरी गोष्ट आहे. त्या काळातील 'मोफत सर्व्हिस'मध्येही मोफत असते ती मजुरी. ऑइलचे पैसे मोजावेच लागतात, हेही विसरू नये.

कारागिराची जबाबदारी

याचा अर्थ लहान गॅरेजांत सर्व काही आलबेल आहे, असा नव्हे. पावती न देणे, कंपनीने सांगितलेल्या प्रतीऐवजी हाताशी असेल ते ऑइल ओतणे, नकली माल वापरणे हे दोष तेथे आढळतात. रिकामे डबे पुन्हा भरून विकले जातात, म्हणून ऑइल ग्राहकाने स्वतः खात्रीच्या दुकानातून विकत घ्यावे, आपल्या डोळ्यांदेखत ओतवून घ्यावे आणि रिकाम्या डब्याला तेथेच भोक पाडावे. मार्गदर्शिकेतील प्रतीचा आकडा पाहणे, ऑइलपट्टी पुसून पातळी तपासणे आणि किलोमीटरची नोंद व पावती जपून ठेवणे एवढे जो करील, त्याला पाना हाती न घेताही स्वावलंबनाचे बहुतेक सर्व लाभ मिळतील.

राहिला प्रश्न काढून टाकलेल्या काळ्या ऑइलचा. मोटारीच्या एका वेळच्या ऑइलने दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित होऊ शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. आपल्या कायद्याने हे ऑइल घातक कचऱ्यात मोडते. तरीही ते गटारात ओतले जाते किंवा भट्ट्यांत जाळले जाते. आणि घरी ऑइल बदलणाऱ्या गृहस्थाजवळ तर ते देण्यास जागाच नसते. एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी केंद्र सरकारने उत्पादकांवर टाकली आहे. तिचा प्रत्यय यावयाचा, तर सात रस्त्यासारख्या प्रत्येक मोठ्या चौकाजवळ महापालिका व कंपन्या यांनी मिळून संकलनाची सोय करावयास हवी. उजनीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे तिष्ठत आलेल्या सोलापूरला पाणी नासविणे परवडणारे नाही.

देशातील आद्य मोटार कारखान्यांपैकी एक असलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये उभारणारे वालचंद हिराचंद सोलापूरचेच सुपुत्र. त्या काळची साधी इंजिने आता राहिली नाहीत. मोटारींत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्या आणि अनेक दुरुस्त्या चौकातील कारागिराच्या आवाक्याबाहेर गेल्या. ऑइल बदलणे मात्र आजही तेच आहे : एक नट सैल करणे, जुने ऑइल निथळू देणे, फिल्टर बदलणे आणि नवे ओतणे. इतके साधे काम कोठे करावे, याचा निर्णय भीतीने किंवा अज्ञानाने नव्हे, तर हिशेबाने झाला पाहिजे. त्यासाठी शासनाने कायदा स्पष्ट करावा, कारागिराने पावती द्यावी आणि ग्राहकाने वाहनासोबत मिळालेली मार्गदर्शिका एकदा तरी उघडून वाचावी. या तिघांपैकी शेवटच्याला कोणाच्याही परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही.