इंग्रजांची दप्तरे उघडी पडली आहेत, वाचणार कोण?

इंग्रज आले म्हणून आपण शिकलो, असे आपल्यातले काही जण म्हणतात. समोरून लगेच 'ब्रिटिशांचे हस्तक' हा शिक्का बसतो. फेसबुकवर हे भांडण रोज चालते आणि दोन्ही बाजूंकडून एकही मूळ कागद पुढे येत नाही. बाबासाहेबांना हे कागद पाहायला लंडनला जावे लागले, ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात दिवस दिवस बसावे लागले. आज एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनचे कितीतरी दप्तर मोबाईलवर फुकट उघडते.

उदाहरण घेऊ. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली, हे आपण भाषणांत सांगतो. आता युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा 'लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी' हा माहितीसाठा उघडा. सरकारने २ कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली, ती मालकांना. गुलामांना छदामही नाही! कोणत्या मालकाला किती गुलामांपोटी किती रक्कम मिळाली, ते नावानिशी दिसते. जॉन ग्लॅडस्टन यांची रक्कम १ लाख पौंडांच्या वर जाते. याच ग्लॅडस्टननी १८३८ मध्ये ब्रिटिश गयानातल्या मळ्यांसाठी कलकत्त्याहून करारबद्ध मजूर नेले. त्यांत छोटा नागपूरचे आदिवासी होते. त्यांचा मुलगा विल्यम पुढे चारदा पंतप्रधान झाला. १८३३ मध्ये तो संसदेत मळेवाल्यांची बाजू मांडत होता. संसदेतल्या चर्चांची नोंद म्हणजे हॅन्सार्ड, ती १८०३ पासून शोधता येते.

मग सगळे इंग्रज चोर? तसेही नाही. विल्यम कफी हा लंडनचा शिंपी, त्याचे वडील सेंट किट्स बेटावर गुलाम होते. कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा तो पुढारी झाला. १८४८ मध्ये ओल्ड बेली कोर्टाने त्याला जन्मभरासाठी टास्मानियाला धाडले. 'ओल्ड बेली ऑनलाइन'वर १६७४ ते १९१३ चे सुमारे दोन लाख खटले आहेत, त्यांत हाही आहे. चार्टिस्टांचे 'नॉर्दर्न स्टार' हे पत्रही फुकट वाचता येते. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीच्या कार्यकर्त्यांना अर्पण केली, ती जगाकडे डोळे उघडे ठेवूनच. आपण मात्र फॉरवर्डवर भागवतो.

इंग्रजी साहित्यात एमए करणाऱ्यांनी गाईड बाजूला ठेवून 'डिकन्स जर्नल्स ऑनलाइन' पाहावे. डिकन्स गरिबांचा कैवारी खरा, पण १८५७ च्या उठावानंतर त्याच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स'चा नाताळ अंक काय छापतो, तेही वाचावे. चार्ल्स बूथचे लंडनच्या गरिबीचे नकाशे बाबासाहेबांच्याच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने खुले केले आहेत. त्यांत सर्वांत खालच्या वस्त्यांना काळा रंग आणि 'दुर्गुणी, अर्धगुन्हेगार' असा शेरा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगला, त्यांना ही भाषा परकी वाटणार नाही.

एक सावधगिरी. जुनी छपाई यंत्राने वाचताना शब्द चुकतात, म्हणून शोधात नाव सापडले नाही तर ते नाहीच, असे समजू नये. स्पेलिंग बदलून पाहावे. कफीचेच नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते.

राहिला पैशाचा प्रश्न. 'ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह'ची बहुतेक पाने वर्गणी भरल्याशिवाय उघडत नाहीत. ती वर्गणी एकेका विद्यार्थ्याने का भरावी? विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती घ्यावी, अशी लेखी मागणी विद्यार्थी संघटनांनी करावी आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.